हातांच्या कसबाला सनद हवी

ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात, घोडबंदर मार्गावरील नव्या वसाहतींपासून खडकपाड्याच्या चौकापर्यंत, ‘स्पा’ ही पाटी आता इतकी परिचित झाली आहे की तिच्याकडे पाहून कोणाची मान वळत नाही. परंतु त्या पाटीखालच्या काचेच्या दारामागे जी व्यक्ती परक्या माणसाच्या शरीरावर हात ठेवून आपला चरितार्थ चालवते, तिने हे कसब कोठे संपादन केले, तिची परीक्षा कोणी घेतली आणि तिच्या हातून इजा झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, या प्रश्नांचे उत्तर महानगरपालिकेच्या दप्तरात सापडत नाही. पोलिसांच्या दप्तरात सापडतो तो पंचनामा. ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द भिवंडी, कल्याण, उल्हासनगरपर्यंत पसरलेली आहे, आणि एखाद्या स्पावर छापा पडून १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाल्याची बातमी या हद्दीतून अधूनमधून येतच असते. जेथे खरोखर स्त्रियांची विक्री चालते तेथे छापा पडलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि छाप्याने गुन्हेगार सापडतो, व्यवसाय सुधारत नाही. तो सुधारावयाचा तर त्याला शिक्षण, परीक्षा आणि जाहीर नोंदवही या तीन गोष्टींचा आधार द्यावा लागेल.

अंगमर्दन ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली चैन आहे, ही समजूत आपल्याच परंपरेच्या विस्मरणातून उपजलेली आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंगाचा उपदेश केला, मस्तक, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले, आणि त्यालाच लागून अभ्यंग कोणी वर्ज्य करावा हेही सांगितले: कफाने ग्रासलेल्याने, नुकतीच वमन-विरेचनादी शोधनक्रिया झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने. विधीच्या शेजारी निषेध ठेवण्याची ही शिस्त या विद्येचा प्राण होय. तेल कसे लावावे हे कोणीही चार दिवसांत शिकू शकेल. कोणाला लावू नये हे ओळखण्यासाठी मात्र शरीररचनेचे ज्ञान, अनुभवी गुरूची देखरेख आणि पुरेशी उमेदवारी लागते.

अशी उमेदवारी केलेल्या स्त्रिया आपल्या वस्तीत नाहीत असे थोडेच आहे! डोंबिवलीच्या जुन्या चाळीत काय किंवा नव्या संकुलाच्या विसाव्या मजल्यावर काय, घरात बाळंतपण झाले की सकाळच्या प्रहरी मालीशवाल्या मावशी येतात, पाटावर बसून पाय लांब करतात, बाळाला पायांवर घेतात आणि वाटीतले कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहतात. टाळूवर बोटे टेकवताना त्यांचा हात कापसासारखा हलका होतो, आणि बाळंतिणीकडे वळल्यावर त्या पहिल्यांदा विचारतात ते टाक्यांविषयी, कारण सिझेरियन झाले असेल तर पोटाला हात लावावयाचा नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. ही विद्या त्यांना आईकडून वा सासूकडून मिळालेली असते आणि तिच्यासाठी कोणताही दाखला त्यांच्यापाशी नसतो. परंतु याच परंपरेने बाळाच्या नाकात व कानात तेलाचे थेंब सोडण्याची वहिवाटही त्यांच्या हाती दिलेली असते, आणि नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर अर्भकाच्या जिवावर बेतू शकते हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. परंपरेचे कसब जतन करावयाचे आणि तिच्यातील घातक भाग वगळावयाचा, हे काम शिक्षणाविना होत नाही. मावशींच्या हातांना तुच्छ लेखून तर ते मुळीच होणार नाही.

कागदोपत्री पाहता शिक्षणाची व्यवस्था अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. केंद्र शासनाच्या कौशल्य-आराखड्यात सहायक स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट या पदांचे अभ्यासक्रम आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी ‘स्पा थेरपी’चा एका वर्षाचा अभ्यासक्रम आखलेला आहे आणि पंचकर्म तंत्रज्ञांचे शिक्षण निराळे आहे. परंतु नोकरी देणारा मालक हे दाखले मागतोच असे नाही आणि ग्राहक तर कधीच मागत नाही. त्यामुळे काही आठवड्यांत ‘थेरपिस्ट’ बनवण्याची ग्वाही देणाऱ्या शिकवण्या आणि ‘सीनियरचे पाहून शिक’ असा उपदेश, यांवरच बहुतेकींची भिस्त राहते. ईशान्येकडून वा नेपाळातून आलेल्या मुलीची परवड याहून मोठी, कारण घरदार दूर, भाषा अपरिचित आणि राहण्याची जागाही पुष्कळदा मालकाच्याच मर्जीवर असल्याने नको असलेले काम नाकारण्याची ताकद तिच्यापाशी उरत नाही.

या शिक्षणात असावे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस अंथरुणावर काढलेला एक गृहस्थ पोटरी दुखते म्हणून ती जोराने चोळून मागतो. अशिक्षित हात त्याची आज्ञा तत्काळ पाळतो. शिकलेला हात आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहतो, आणि एक दुसरीपेक्षा सुजलेली, तांबूस व स्पर्शाला उष्ण आढळली की थांबतो. कारण खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा आणि माणूस दगावण्याचा संभव असतो. अशा ग्राहकाला तेल न लावता डॉक्टरकडे पाठवणारी थेरपिस्ट त्या दिवसाचा मेहनताना गमावते, पण तिचे खरे शिक्षण त्या नकारातच सिद्ध होते. त्वचेचा संसर्ग, ताप, ठिसूळ झालेली हाडे, गर्भारपण, काबूत नसलेला रक्तदाब अशा प्रत्येक बाबतीत हात कोठे आवरावा याचे ज्ञान अभ्यासक्रमाच्या अग्रभागी असले पाहिजे. त्याच्या जोडीला स्वतःचे शरीर राखण्याची विद्याही हवी, कारण दिवसभर अंगठ्यांनी दाब देणाऱ्या स्त्रीचे मनगट आणि कंबर लवकर निकामी होतात, आणि दाब अंगठ्याऐवजी शरीराच्या भारातून कसा द्यावा हे कोणी तरी दाखवावे लागते. ग्राहकाच्या अंगावरील चादर कोठवर सरकवावी, स्पर्शापूर्वी संमती कशी घ्यावी आणि अश्लील मागणी होताच खोलीबाहेर निघून येण्याचा आपला अधिकार कसा बजावावा, हे धडेही त्याच पुस्तकात असावेत. नकाराचा अधिकार केवळ अब्रू वाचवण्यासाठी नव्हे. तो व्यवसायाच्या शास्त्राचाच भाग आहे.

बदनाम झालेल्या व्यवसायाने आपली इभ्रत अशाच मार्गाने परत मिळवल्याचा दाखला इतिहासात आहे. १८९४ साली लंडनमध्ये मालीशगृहांच्या आडून वेश्याव्यवसाय चालत असल्याचा बोभाटा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने केला, तेव्हा प्रामाणिकपणे मर्दनाचे काम करणाऱ्या परिचारिकांपुढे दोन पर्याय होते: तोंड लपवून व्यवसाय सोडणे, किंवा आपल्यातील खरे-खोटे निवडण्याची कसोटी स्वतःच निर्माण करणे. लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी दुसरा पर्याय पत्करला आणि प्रशिक्षित मर्दनकारिणींची संस्था स्थापून परीक्षा व आचारनियम सुरू केले. वैद्यकीय सल्ल्याविना काम करावयाचे नाही, सर्वसामान्य वृत्तपत्रांतून जाहिरात करावयाची नाही, असे ते कडक नियम होते. १९२० मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली आणि आज इंग्लंडमध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांची जी प्रतिष्ठित संस्था नांदते आहे, ती त्याच चौघींच्या खटपटीचे फळ होय. आपण आदराने ज्यांच्याकडे पाठदुखी घेऊन जातो, त्या फिजिओथेरपिस्टांच्या व्यवसायाचा एक पूर्वज बदनामीच्या याच उंबरठ्यावर उभा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे स्पाची पाटी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी अंमळ थांबावयास हरकत नाही.

पूर्वेकडेही तोच अनुभव आहे. सतराव्या शतकात जपानात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी सूचीचिकित्सा व मर्दनाच्या शाळा उभारल्या, आणि दृष्टिहीनांना उपजीविकेचे मानाचे साधन मिळाले. बँकॉकच्या वाट फो मंदिरात १९५५ पासून पारंपरिक वैद्यकाची शाळा आहे. थायलंडने २०१६ साली स्पा व मालीशगृहांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि २०१९ मध्ये तेथील मर्दनविद्येला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मालीशगृहांच्या बदनामीचा प्रश्न त्या देशाला चुकलेला नाही. परंतु तेवढ्यासाठी त्याने आपली विद्या वाऱ्यावर सोडली नाही.

आपल्याकडची स्थिती काय आहे? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या गाळ्याला पूर्वीचा गुमास्ता परवाना न घेता केवळ सूचना देण्याची सवलत दिली. व्यापाराच्या दृष्टीने ती योग्यच, परंतु छोट्या स्पाची त्यायोगे कसलीच व्यावसायिक तपासणी होत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अशा लहान आस्थापनेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण ही समिती कोठे बसते, तिच्याकडे अर्ज कसा करावा, हे तिला कोण सांगणार? २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी नोंदवहीची तरतूद केली, २०२३ च्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत नाभिकाला स्थान मिळाले. मालीश करणाऱ्या हातांसाठी मात्र दोन्हीकडे जागा झाली नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांनी व जिल्हा प्रशासनाने मिळून काही गोष्टी कराव्यात. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्पा थेरपीच्या तुकड्या उघडाव्यात आणि त्यांची उमेदवारी पंचकर्म केंद्रांत व भौतिकोपचार विभागांत व्हावी. अनुभवी मावशींसाठी कौशल्य योजनेतील पूर्वानुभवाच्या मान्यतेची सोय वापरून, मराठीतून तोंडी व प्रत्यक्ष परीक्षा घेऊन, त्यांना दाखला द्यावा. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही नागरिकांसाठी खुली असावी, आणि आस्थापनेने नोंदणीकृत थेरपिस्टांची नावे, दरपत्रक व स्थानिक समितीचा पत्ता दर्शनी भागी लावणे बंधनकारक असावे.

यावर दोन आक्षेप येतील. नोंदवही म्हणजे नव्या निरीक्षकाला नवे खाबूगिरीचे कुरण, हा पहिला. आणि तो निराधार नाही. यास्तव घरोघरी जाणाऱ्या मावशींना नोंदणी ऐच्छिक ठेवावी, सक्ती केवळ आस्थापनांवर असावी, आणि परीक्षा घेणारा व तपासणी करणारा हे दोघे वेगळे असावेत. स्त्रीने स्त्रीचे व पुरुषाने पुरुषाचेच मर्दन करावे असा निर्बंध घातला की सारे प्रश्न सुटतात, हा दुसरा. दिल्लीने २०२१ साली तसा नियम करून पाहिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. लिंगावरून सदाचाराची हमी मिळत नाही. ती मिळते कामाच्या नियमांतून आणि ते मोडणाऱ्याला जबाबदार धरण्यातून.

सकाळच्या लोकलमध्ये तास-दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या या शहरांतील खांदे आणि पाठी कोणाच्या ना कोणाच्या हाती जाणारच आहेत, आणि त्या हातांवर पोट भरणाऱ्या मुलींची संख्याही वाढतच जाणार आहे. त्यांची नावे आज पंचनाम्यात ‘सुटका केलेल्या स्त्रिया’ म्हणून लिहिली जातात. तीच नावे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारागिरांच्या यादीत लिहिली जावीत यासाठी लागणारा खर्च फार नाही आणि लागणारे कायदे बव्हंशी आहेतच. उणीव आहे ती या कामाला विद्या मानण्याच्या तयारीची, आणि ती पालिकेच्या सभागृहापासून आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत सर्वांनीच भरून काढावयाची आहे.