कोंबड्यांची लस सगळ्या गल्लीने मिळून टोचावी

कोंबडी हा घरोघरी पाळला जाणारा पक्षी आहे. सकाळी डालगं उचललं की ती उकिरड्यावर जाते. किडे खाते, सांडलेली ज्वारी खाते. दिवस मावळला की आपोआप घरी येते. आमची आजी म्हणते, म्हशीला पेंड लागते, कोंबडीला नुसतं अंगण लागतं.

कोंबडी काही मागत नाही म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, असे माझे मत आहे. बैल आजारी पडला की सगळी गल्ली जमा होते. कुणी डॉक्टरला फोन लावतो, कुणी औषध आणायला जातो. बैलाला वर्षातून एकदा पोळा तरी असतो. कोंबड्या मेल्या तर लोक म्हणतात, "मर आली, काय करावं?" आणि तेवढ्यावरच विषय संपतो. हे बरोबर नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मर आली होती. आमच्या घरी १४ कोंबड्या होत्या. आठ दिवसांत ११ मेल्या आणि ३ राहिल्या. शेजारच्या काकूच्या तर सगळ्याच गेल्या. त्यांचं खुराडं अजून रिकामं आहे. त्यात आता गोवऱ्या ठेवतात.

कुणी म्हणेल, कोंबड्याच तर होत्या! पण बालमित्रांनो, कोंबडीचा पैसा कोणाचा असतो ते बघा. कापसाचा पैसा, सोयाबीनचा पैसा बाबांच्या हातात येतो आणि खताच्या दुकानात जातो. अंड्याचा पैसा आईचा असतो. आमच्या आईने त्याच पैशात माझी कंपासपेटी घेतली आणि आजीच्या डोळ्यात घालायचं औषध आणलं. ११ कोंबड्या गेल्या तेव्हा आईचा पैसा गेला. तो कुठल्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो गेलेला कुणाला दिसत नाही.

मर म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हते. आमच्या बाईंनी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना शाळेत बोलावले होते. त्यांनी सांगितलेले मी वहीत लिहून घेतले. कोंबड्यांचा सगळ्यात वाईट रोग म्हणजे राणीखेत. त्याला आपल्याकडे मानमोडी पण म्हणतात, कारण कोंबडीची मान वाकडी होते. कोंबडी पंख पाडून एका जागी बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते. अंडी देणं बंद होतं. राणीखेत हे उत्तराखंडातल्या डोंगरातल्या एका गावाचं नाव आहे. आपल्या देशात हा रोग १९२७-२८ च्या सुमारास तिथे ओळखला गेला, म्हणून त्याला त्या गावाचं नाव पडलं. इंग्लंडमध्ये तो १९२६ साली न्यूकॅसल या शहराजवळ सापडला, म्हणून तिकडे त्याला न्यूकॅसल म्हणतात. म्हणजे हा रोग कुणाच्या नजरेमुळे होत नाही. हा विषाणूचा रोग आहे आणि तो साऱ्या जगात आहे.

डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. राणीखेत झाल्यावर त्याच्यावर औषध नाही. लसूण चारा, हळद चारा, गोळी पाण्यात टाका, तरी विषाणू मरत नाही. पण रोग होऊ नये म्हणून लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना त्याच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब टाकतात. पुढे ते सहा ते आठ आठवड्यांचं झालं की दुसरी लस टोचतात. देवीच्या रोगाची लस वेगळी असते. देवी आल्या की कोंबडीच्या तुऱ्यावर आणि डोळ्याजवळ फोड येतात. तो रोग डासांमुळे पण पसरतो.

मग मी वर्गात विचारले, कोणाच्या घरी कोंबड्यांना लस दिली आहे? कुणीच हात वर केला नाही. आम्हा सगळ्यांना लहानपणी लस टोचली होती, दंडावर खूण आहे. आमच्या म्हशीला पण लाळ्या-खुरकताची लस देतात. फक्त कोंबडी राहिली.

घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "आठ-दहा कोंबड्यांसाठी कुठं तालुक्याला जायचं? जाण्या-येण्याचं भाडंच जास्त होतं." बाबांचं म्हणणं खोटं नाही. डॉक्टरांनी पण हीच अडचण सांगितली. लसीच्या एका बाटलीत १०० कोंबड्यांची लस असते, कधी त्याहून जास्त असते. बाटली फोडून पाण्यात मिसळली की ती एक-दोन तासांत वापरावी लागते. उरलेली उद्या चालत नाही. आणि लस बर्फात ठेवून आणावी लागते. आपल्या परभणीच्या उन्हात ती पिशवीत घालून आणली तर वाटेतच खराब होते. खराब लस टोचून काही उपयोग नाही.

म्हणून एका घरासाठी लस आणणे परवडत नाही, हे खरे आहे. पण सगळ्या गल्लीसाठी परवडते. हे मी गणित करून दाखवते. आमच्या गल्लीत १३ घरं आहेत. एका घरी सरासरी ८ कोंबड्या धरल्या तर १३ गुणिले ८ म्हणजे १०४ झाल्या. एक बाटली एका सकाळी संपेल. एकच माणूस थर्मासात बर्फ घालून लस घेऊन येईल. भाड्याचे पैसे १३ घरांत वाटले तर कुणालाच जड जाणार नाही. आमच्या चौथीच्या मुलांना येतं एवढं सोपं गणित आहे.

आणि एकट्याने टोचून पूर्ण फायदा पण होत नाही. कोंबडीला आपलं घर आणि परकं घर कळत नाही. आमची कोंबडी काकूच्या उकिरड्यावर जाते, काकूची आमच्या अंगणात येते. सगळ्या एकाच डबक्यात पाणी पितात. मागच्या वेळी एका घरी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या होत्या. एक पाहुण्यांसाठी कापली आणि एक अंगणात सोडून दिली. तिसऱ्या दिवशी ती पंख पाडून बसली. नंतर शेजारची आजारी पडली, नंतर आमची. ज्यांनी आणली त्यांना ती आजारी आहे हे माहीत नव्हते. ज्याने विकली त्याला कदाचित माहीत असेल.

इथे मला एक अवघड गोष्ट लिहायची आहे. मोठ्या माणसांनी रागावू नये. मर आली की लोक आजारी कोंबडी लवकर लवकर बाजारात विकतात, नाहीतर कापून खातात. आणि मेलेली ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकतात. तिथून कुत्रं ती ओढून नेतं आणि रोग दुसऱ्या गल्लीत जातो. लोक म्हणतात, मरण्यापेक्षा दोन पैसे आलेले बरे. पण ते दोन पैसे दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी आईचे असतात. तिच्या सगळ्या कोंबड्या मरतील तेव्हा ती कुणाला विचारणार?

लपवण्यात आणखी एक मोठा धोका आहे. तो समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावाची गोष्ट लक्षात ठेवावी. २०२१ च्या जानेवारी महिन्यात मुरुंब्याला दोन-तीन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथून कळलं की हा बर्ड फ्लू आहे. मग गावाच्या १ किलोमीटर परिसरातल्या उरलेल्या कोंबड्या पण माराव्या लागल्या. १० किलोमीटर परिसरात कोंबड्यांची खरेदी-विक्री बंद केली. त्याआधी २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला असंच झालं होतं. आपल्या देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथेच सापडला. तेव्हा मी जन्मले पण नव्हते.

राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्हींत कोंबड्या पटापट मरतात. नुसतं बघून कोणता रोग आहे हे सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. बर्ड फ्लू कधी कधी माणसाला पण होतो. आजारी कोंबडी हाताळली, तिची पिसं काढली तर धोका असतो. म्हणून "ही नेहमीचीच मर आहे" असे म्हणून कोंबडी कापायला घेऊ नये. मात्र उगीच घाबरू पण नये. चांगल्या कोंबडीचं मटण आणि अंडी नीट शिजवून खाल्ली तर काही होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

काही लोक म्हणतात, सांगितलं तर सरकारी माणसं येऊन सगळ्या कोंबड्या मारतील, म्हणून गप्प बसलेलं बरं. मला हे पटत नाही. एक तर सगळ्याच रोगांत कोंबड्या मारत नाहीत. दुसरं म्हणजे बर्ड फ्लू निघाला आणि सरकारने कोंबड्या मारल्या तर त्यांची भरपाई देतात. पण आधीच मेलेल्या कोंबड्यांची भरपाई देत नाहीत. म्हणजे जो उशिरा सांगतो त्याचंच जास्त नुकसान होतं. शिवाय २००९ सालचा कायदा आहे. जनावरांना किंवा कोंबड्यांना साथीचा रोग आला असं वाटलं तर मालकाने ग्रामपंचायतीत कळवलं पाहिजे, असं त्यात आहे.

आजी म्हणते, "आमच्या काळात कुठं लस होती? तरी कोंबड्या होत्याच की." होत्या हे खरं. पण आजीच सांगते की एका वर्षी सगळ्या गावात कोंबडा आरवायला उरला नव्हता. मग मामाच्या गावाहून एक तलंग आणून पुन्हा सुरुवात केली. एकवीस दिवस ती अंड्यावर बसली, तेव्हा पिल्लं झाली. त्यातली काही घारीने नेली, काही मांजराने. घार आणि मांजर एक-दोन नेतात. रोग सगळंच नेतो. घारीसाठी आपण पोराला राखण बसवतो, मग रोगासाठी एक सकाळ का काढू नये?

म्हणून माझी गावातल्या सर्वांना अशी विनंती आहे :

१) वर्षातून ठरलेल्या दिवशी, उन्हाळा लागायच्या आधी, एका गल्लीच्या सगळ्या कोंबड्यांना एकदम लस टोचावी. दिवस ढोरांच्या दवाखान्यात विचारून ठरवावा. पहाटे डालगी उचलायच्या आधी काम करावे, म्हणजे कोंबड्यांच्या मागे पळावे लागणार नाही. लस फक्त धडधाकट कोंबड्यांना द्यावी.

२) बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी बांधावी. तिचं पाण्याचं भांडं पण वेगळं असावं.

३) आजारी कोंबडी विकू नये. कापू नये. तिला वेगळं ठेवून दवाखान्यात कळवावं.

४) मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. हे काम मोठ्यांनी करावं, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मुलांनी मेल्या कोंबडीला हात लावू नये.

५) खुराडं आठवड्यातून एकदा झाडावं आणि पाणी रोज बदलावं.

आम्ही मुलं पण काम करू. कोणाच्या घरी कोंबड्या किती, पिल्लं किती, याची यादी चौथीचा वर्ग लिहून देईल. त्यावरून किती बाटल्या लागतील ते कळेल. लस टोचताना कोंबड्या धरायला आम्ही येऊ. त्या कामात आम्ही मोठ्यांपेक्षा हुशार आहोत.

जे पालक आज शाळेत आले आहेत, त्यांनी हे भित्तिपत्रक वाचून झाल्यावर घरी जाऊन आईला, काकूला, आजीला सांगावं, कारण कोंबड्या त्यांच्या आहेत. आणि ग्रामसभेत हा विषय मांडावा. तिथे रस्त्याचं बोलतात, पाण्याचं बोलतात. एकदा कोंबड्यांचं पण बोलावं. बायांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

आमच्या उरलेल्या तीन कोंबड्यांपैकी एक आता अंड्यांवर बसली आहे. खाली नऊ अंडी आहेत. पिल्लं निघाल्यावर पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब द्यायचा आहे. तेव्हा ज्यांच्या घरी लहान पिल्लं असतील त्यांनी आमच्या घरी सांगावे. एकच बाटली आणू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी