देवाला आकडा नको

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या १९८०च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथाने इंद्र, अग्नी, काली यांच्या सामर्थ्याला व आघातसहनाला आकडे दिले. 'पुराणेही देवांचे हात मोजतात' हे त्याचे समर्थन फसवे आहे. कारंज्यात जन्मलेल्या नृसिंहसरस्वतींना 'गुरुचरित्रा'त सात गावचे शिष्य दिवाळीला बोलावतात. ते सातही गावी जातात आणि मठातही राहतात. म्हणून रूपे आठ. बोलावणारे नऊ असते, तर रूपे दहा झाली असती. इथे संख्या भक्ताच्या हाकेमागून येते. खेळात ती आधीच ठरते आणि शून्यापर्यंत उतरवता येते. आकडा देणे म्हणजे देवाला वध्य ठरवणे. खेळाला आमचा विरोध नाही. मोक्षपटही खेळच होता. पण त्यात दान पडते ते खेळाडूला, देवाला नव्हे.