नीरेवर पहारा कुणाचा?

शिरवळला नीरा नदीचा काठ आहे आणि औद्योगिक वसाहतही. पुलापलीकडचं सारोळा पुणे जिल्ह्यात, अलीकडे आपला सातारा. खाली वीर धरण; त्याचा डावा कालवा बारामतीकडे, उजवा फलटणकडे जातो. म्हणजे इथला नाला बिघडला तर भोगणारे फक्त आपण नाही.

नदीकाठ साफ करणाऱ्या तरुणांचं कौतुकच आहे. पण प्लास्टिक वेचून सांडपाणी थांबत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ प्रवाहात दूषित पाणी सोडायला मनाई करतं. मात्र कोर्टात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरल्या रीतीने घ्यावा लागतो. आपण भरून ठेवलेली बाटली तिथे चालत नाही आणि वाहतं पाणी कुणासाठी थांबत नाही.

म्हणून फेस, उग्र वास किंवा मेलेले मासे दिसले की फोटो काढा, वेळ आणि जागा लिहा, त्याच दिवशी मंडळाच्या सातारा कार्यालयाला कळवा. पोच घ्या. नदी हद्दीवरची, म्हणून एक प्रत पुण्यालाही द्या. नाहीतर 'ते आमच्याकडे येत नाही' हेच ऐकावं लागेल.

बोट दाखवताना आपला हातही साफ हवा. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष नाल्यात नकोत, खोल खड्ड्यात गाडले जावेत. मोहल्ल्यातल्या चार पोरांनी एवढी जबाबदारी घेतली, तरी आपल्या तक्रारीला वजन येईल, असं आम्हाला वाटतं.