कुत्र्याची खोली, दम्याचा पाहुणा

मोहोपाड्याहून मुंबईला सुट्टीसाठी निघालेल्या कुटुंबाला आता घरचा कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवायची गरज नाही. त्याला सोबत ठेवू देणारी आलिशान हॉटेले तिथे आहेत. त्यातली काही पर्यावरणाचीही काळजी घेतात. ‘टॉवेल रोज धुवायला टाकू नका’ ही पाटी योग्यच. पण धुणे कमी आणि प्राणी आत, हे एकाच खोलीत आले की दमेकऱ्याची पंचाईत होते.

अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. हे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, गालिच्यात, सोफ्यात मुरतात. मांजर गेल्यावरही त्यांचे अंश काही महिने सापडतात. वर सुगंधी फवारा मारला, तर दमेकऱ्याला तोही सोसत नाही!

पाणी वाचवावे ते एकाच पाहुण्याच्या मुक्कामात. पाहुणा बदलला की चादरी, अभ्रेच नव्हे, पांघरूणही गरम पाण्यात धुतलेले हवे. प्राण्यांच्या खोल्या वेगळ्या आणि बिनगालिच्याच्या असाव्यात. दमेकऱ्याने खोली घेतानाच तशी चौकशी करावी, पंप हाताशी ठेवावा. कुत्रा नेणाऱ्याने रेबीजच्या लसीचे कार्ड न्यावे आणि ‘आमच्या जातीचे केस गळत नाहीत’ म्हणून साध्या खोलीचा हट्ट धरू नये. अशा कुत्र्यांच्या घरांतही अ‍ॅलर्जीकारक प्रथिने कमी आढळलेली नाहीत.