मुहूर्त पाहिला, हिशेब पाहिला नाही

आमच्या लोकांना एक खोड फार जुनी लागली आहे. दुकान काढायचे ठरले, की आधी पंचांग उघडायचे. वही उघडायची ती दिवाळे निघाल्यावर!

दुसऱ्याचे कशाला, घरचेच सांगतो. आम्ही जातीचे लोहार. थोरल्या दादाने 2024 साली विश्वकर्मा योजनेतून 1 लाख रुपये कर्ज काढून वेल्डिंगचे दुकान घातले. अर्ज भरून देणाऱ्या एका मध्यस्थाने त्याच्याकडून 2,000 रुपये उपटले. वास्तविक या योजनेच्या नोंदणीला सरकार दमडी घेत नाही. उद्यम नोंदणीही फुकट आहे. पण आम्ही विचारतो कुठे? पूर्वी पोथीवाला अडवीत असे, आता संगणकवाला अडवतो, आणि आम्ही दोघांपुढेही हात जोडूनच उभे!

मग त्या लाखाचे काय झाले ते ऐका. गाळ्याची अनामत 25,000. मुहूर्त, मंडप, जेवणावळ, दक्षिणा आणि पुढाऱ्यांचे फोटो असलेला भला मोठा फलक मिळून 22,000. यंत्रे 30,000. लोखंडाला उरले 23,000. त्यातून दोन फाटके झाली, ती दोन्ही भाऊबंदांनी उधार नेली. तिसरे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन आले तेव्हा दुकानात लोखंडच नव्हते. ज्या पुढाऱ्यांचे फोटो लावले होते, त्यांच्यापैकी एकानेही साधी खिडकीची जाळी करून घेतली नाही.

व्याज शेकडा 5, म्हणजे हलके, असे दादा म्हणे. व्याज हलके आहे हे खरे. पण लाख रुपये 18 महिन्यांत फेडायचे तर हप्ता महिन्याला सुमारे 5,800 रुपये पडतो. म्हणजे रोज जवळजवळ 200 रुपये, तेही घरात भाकरी होण्यापूर्वी! पावसाळ्यात काम बंद असो की सोयाबीनचा भाव पडून गावात पैसा फिरत नसो, हप्ता थांबत नाही. हा भागाकार चौथीतले पोर करील. आमच्या घरात तो कोणी केला नाही, कारण सगळे जेवणावळीच्या पंगती मोजत होते. अखेरीस हप्त्यासाठी वहिनीची बोरमाळ मोडली आणि अकराव्या महिन्यात गाळा सुटला.

यावर काही शहाणे म्हणतात, "धंदा हा आपला पिंडच नव्हे, तो मारवाड्या-गुजरात्यांनी करावा." हे साफ खोटे! जोतीराव फुले काय नुसते पुस्तके लिहीत बसले होते? 1863 साली त्यांनी धातूच्या ओतकामाचे साहित्य पुरविण्याचा धंदा काढला. पुढे पुण्याजवळच्या धरणाला बांधकामाचे सामान पुरवले, कात्रजच्या बोगद्याला मजूर दिले. 1882 साली हंटर कमिशनला निवेदन दिले, तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी व शेतकरी म्हणून दिली. त्यांचे चरित्र 1927 साली आपल्याच जिल्ह्यातल्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी लिहिले. आपण मात्र जोतीरावांच्या तसबिरीला हार घालतो आणि धंदा पिंडात नाही म्हणतो!

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे तर अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेले गृहस्थ. त्यांनी चहाचे दुकान काढले. लोक येईनात, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा पीत. दुकानाला खरी गरज असते ती अशा गिऱ्हाइकाची. आणि आम्ही? शेजारच्या शिंप्याला वगळून कपडे बुलढाण्याहून आणतो, तेथे रोख मोजतो, आणि गावच्या कारागिरापाशी गेलो की "पीक आल्यावर देतो" म्हणतो. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण आमच्याच बापजाद्यांची. पण ते पोते आम्ही आपल्याच भावाच्या गळ्यात बांधतो. भाऊबंदांनो, राग येईल तर येवो. दादाचे दुकान मुहूर्ताच्या खर्चाने निम्मे बुडाले आणि उरलेले निम्मे तुम्ही बुडवले.

बाहेरून येणारे व्याख्याते सांगतात, धाडस करा, उडी घ्या. उडी घेणाऱ्याच्या घरी पगार येत असेल, तर त्याने खुशाल घ्यावी! ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, त्याने आधी पाय बुडवून पाणी पाहावे.

दादाने दुसऱ्या खेपेस तेच केले. गाळा घेतला नाही. आमच्याच अंगणातल्या निंबाखाली यंत्र मांडले. फलक नाही, मंडप नाही. पेरणीपूर्वी वखराच्या पासा, तिफणीचे फण आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायच्या, कारण ते काम गावात हटकून निघते आणि त्याला लोखंड थोडे लागते. फाटक हवे असेल त्याने निम्मे पैसे आधी ठेवावे, मग लोखंड आणायचे. वही वहिनी लिहिते. धंद्याचा पैसा वेगळ्या डब्यात, घरचा वेगळ्या डब्यात. दादाला विड्यांसाठीसुद्धा तिच्याकडे मागावे लागते, आणि ती देत नाही हे फार बरे करते. कर्ज फिटले. आता 2 लाखांचे दुसरे कर्ज मिळते म्हणून कोणी भरीस घातले, तर तीच विचारते, "इतक्याचे काम कोणी सांगितले आहे का?" अद्याप अर्ज केलेला नाही.

गेल्या आठवड्यात ती वही आम्ही चाळली. येणे 3,400 रुपये. नावे तीन, तिन्ही आमच्याच भावकीतली. पुढल्या अंकापर्यंत पैसे आले नाहीत, तर वहिनी स्वतः दारी येणार आहे.