पाणी शांत दिसतं तेव्हा

हिंस्र जनावराचा सिनेमा म्हटला की डरकाळ्या आणि धावपळ डोळ्यांपुढे येते. २००७ सालचा ‘ब्लॅक वॉटर’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट मात्र बराचसा झाडावर बसून घडतो. पैसा बेताचा, नटमंडळी मोजकी, जागा म्हणाल तर खारफुटीची दलदल.

गोष्ट साधी. एक जोडपं आणि बायकोची धाकटी बहीण वाटाड्यासोबत लहान होडीतून मासे धरायला जातात. मगर होडी उलटवते, वाटाड्याचा बळी जातो आणि हे तिघे झाडाचा आसरा घेतात. होडी समोरच पालथी पडली आहे. तिथवर पोचलं तर सुटका. पण मधल्या गढूळ पाण्यात मगर कुठे आहे, कोणास ठाऊक! उतरावं की वाट पाहावी? साऱ्या चित्रपटाचा जीव या एका प्रश्नात आहे.

अँड्र्यू ट्राउकी आणि डेव्हिड नेर्लिक या दिग्दर्शकांनी खऱ्या मगरींचं चित्रण घेऊन ते नटांच्या दृश्यांशी बेमालूम जोडलं. मगर पडद्यावर थोडाच वेळ दिसते, तरी पाणी हललं की छातीत धस्स होतं.

असं खरोखरही घडलं आहे. २००३ च्या डिसेंबरात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या फिनिस नदीवर तिघा तरुणांपैकी एकाला मगरीने ओढून नेलं. बाकीच्या दोघांनी झाडावर रात्र काढली, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली.

आपल्याकडे सांगलीच्या कृष्णाकाठाला मगर नवी नाही. तिकडची खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या मगरीहून पुष्कळ मोठी. नर पाच मीटरांच्या पुढेही जातो. शिकारीची रीत मात्र दोघींची सारखीच. नाक-डोळे तेवढे वर ठेवून काठाशी दबा धरायचा आणि सावज पाण्याला लागलं की झडप घालायची.

तेव्हा मगरीच्या नदीवर धुणं, म्हशी किंवा मोटर यांच्यासाठी जाणाऱ्यांनी रोज एकाच जागी उतरू नये, अंधारात तर नाहीच. काठावर पहुडलेल्या मगरीला दगड मारायची हौसही नको.

चित्रपट लहान मुलांना दाखवण्याजोगा नाही. पण तुमची पोरं नदीवर पोहायला जात असतील, तर झाडावरच्या त्या तिघांची गोष्ट त्यांना जरूर सांगा.