‘उसन्या’ राज्यघटनेतील तलाव

१/ भारतीय राज्यघटना परकीयांकडून उसनी घेतली, हा आक्षेप आजही मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो. आक्षेपकांनी अनुच्छेद १५(२) वाचावा. तेथे विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो कोणत्या देशातून आणला?

२/ प्रत्येक देशाची हक्कांची यादी त्याच्या इतिहासातूनच येते. अमेरिकेच्या १७९१ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने शांततेच्या काळात मालकाच्या संमतीविना घरात सैनिक ठेवण्यास मनाई केली. कारण ब्रिटिशांनी वसाहतींवर सैन्याच्या निवासाचा भार लादला होता. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याचा आरंभ मानवी प्रतिष्ठेपासून होतो. त्यामागे नाझी अत्याचार आहेत.

३/ आपल्या यादीमागे महाड आहे. सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण कागदावर.

४/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी ते पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यायला १९३७ साल उजाडले.

५/ येथे पाणी कोणी अडवले? विधिमंडळाने नव्हे, गावातल्याच माणसांनी. म्हणून केवळ सरकारला वेसण घालणारे हक्क आपल्याला पुरेसे नव्हते. अनुच्छेद १५(२) आणि अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ हे शासनाबरोबरच शेजाऱ्यालाही बांधतात. शासनाच्या पैशांतून राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या जागा, ही १५(२) मधील कसोटी बोले ठरावाशी नाते सांगते.

६/ संसदीय पद्धती ब्रिटनकडून आणि मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडकडून आली, हे निर्विवाद. ते लपवण्याचे कारणही नाही. परंतु तलावाचा हक्क लिहावा लागला, तो येथे तलाव नाकारला गेला म्हणून.

७/ ‘उसनी’ हा शब्द म्हणूनच सोयीचा आहे. घटना परकी ठरली, की तिने ज्या अन्यायाची नोंद केली तोही परका ठरतो. आणि पाणी अडवणारे हात कोणाचे होते, याचे उत्तर द्यावे लागत नाही.